मागणीचा अंतिम पत्ता

वेबवरील एखादे पान मागविताना ब्राउझर त्या पानाचा पत्ता सर्व्हरकडे पाठवितो. या पत्त्याला यूआरएल असे म्हणतात. वापरणाऱ्याला दिसते ते एवढेच की, पत्ता लिहिला आणि पान समोर आले. या दोन घटनांच्या दरम्यान सर्व्हरच्या अंतर्भागात मात्र बरेच काही घडत असते. पत्ता उलगडला जातो, काही वेळा त्यात बदल केला जातो, काही वेळा त्याच्या जागी दुसराच पत्ता येतो. आणि शेवटी जी फाइल पाठविली जाते तिचे नाव मूळ पत्त्याशी जुळतेच असे नाही.

सर्वांसाठी खुल्या असलेल्या पानांच्या बाबतीत या फरकाने फारसे बिघडत नाही. परंतु जे पान ठराविक व्यक्तींनीच पाहावे असे ठरलेले असते, त्याच्या दारावर पहारा ठेवावा लागतो. या पहाऱ्यावरील कार्यक्रमाला एक प्रश्न टाळता येत नाही. आलेला मनुष्य नेमके काय मागत आहे? प्रश्न साधा वाटतो. परंतु पहारा ज्या जागी असतो तेथून त्याचे पूर्ण उत्तर दिसत नाही. ही अडचण कशी निर्माण होते आणि तिच्यातून कोणता मार्ग निघतो, हे अपाची या प्रसिद्ध सर्व्हरच्या आधारे समजून घेता येईल.

सर्व्हरची घडण

वेबची मूळ कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत मांडली. पुढे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एन.सी.एस.ए. या केंद्रात रॉब मॅकूल यांनी लिहिलेला सर्व्हर मोठ्या प्रमाणावर वापरला जाऊ लागला. १९९४ मध्ये मॅकूल यांनी ते केंद्र सोडल्यावर त्या सर्व्हरचे काम मंदावले, आणि तो वापरणारे लोक आपापल्या दुरुस्त्या परस्परांना पाठवू लागले. त्यांतील काहींनी १९९५ च्या प्रारंभी एकत्र येऊन एक गट स्थापन केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अपाचीची पहिली सार्वजनिक आवृत्ती निघाली, आणि १ डिसेंबर १९९५ रोजी १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली.

या दोन आवृत्त्यांच्या दरम्यान रॉबर्ट थाउ यांनी सर्व्हरची रचना नव्याने केली. सर्व कामे एकाच कार्यक्रमात कोंबण्याऐवजी त्यांनी ती स्वतंत्र भागांकडे सोपविली. या भागांना मॉड्यूल म्हणतात. मागणी आल्यापासून उत्तर जाईपर्यंतचा प्रवास ठराविक टप्प्यांत विभागलेला असतो, आणि ज्या मॉड्यूलला ज्या टप्प्यावर काम करावयाचे असेल तेथे ते आपला हँडलर नेमून देते. हँडलर म्हणजे त्या टप्प्यावर हाती आलेली मागणी तपासून तिच्याविषयी निर्णय देणारा कार्यक्रमाचा लहानसा भाग होय. १९९६ साली मॉड-पर्ल तयार झाल्यावर असे हँडलर पर्ल या सुटसुटीत भाषेतही लिहिता येऊ लागले. त्यामुळे अनेक संस्थांनी आपापल्या गरजेप्रमाणे स्वतःचे पहारेकरी लिहिले, आणि अंतिम पत्त्याचा प्रश्न त्या प्रत्येकापुढे उभा राहिला.

मागणीचे टप्पे

अपाचीमधील मुख्य टप्प्यांचा क्रम असा आहे. प्रथम मागणी वाचली जाते. त्यानंतर तिच्यातील पत्त्याचे फाइलच्या नावात रूपांतर होते. मग तीन तपासण्या होतात. मागणी कोठून आली हे पहिल्या तपासणीत पाहिले जाते. मागणारा कोण आहे हे दुसरीत ठरते. त्याला ही वस्तू पाहण्याचा अधिकार आहे किंवा नाही हे तिसरीत ठरते. दुसऱ्या तपासणीला ओळख पटविणे आणि तिसरीला अधिकार तपासणे असे म्हणता येईल. या दोन गोष्टी भिन्न आहेत. मनुष्य ओळखीचा असला म्हणजे त्याला प्रत्येक कपाटाची किल्ली मिळते असे नाही.

तपासण्यांनंतर फाइलचा प्रकार ठरविला जातो. मग किरकोळ जुळवाजुळवीचा टप्पा येतो, त्यानंतर प्रत्यक्ष मजकूर पाठविला जातो, आणि सर्वांत शेवटी त्या व्यवहाराची नोंद होते.

या क्रमात दोन बाबी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ओळख पटविणारा हँडलर पत्त्याच्या रूपांतरानंतर येतो. म्हणजे तो कामाला लागतो तेव्हा पत्ता एकदा हाताळला गेलेला असतो. दुसरे असे की, तो जुळवाजुळवीच्या टप्प्यापूर्वी येतो. म्हणजे त्याचे काम झाल्यावरही पत्ता बदलू शकतो. मूळ मागणी त्याच्या मागे राहिलेली असते आणि अंतिम वस्तू अद्याप पुढे असते.

एका मागणीचे अनेक पत्ते

एखाद्या कार्यालयाच्या सर्व्हरवर '/अहवाल/' नावाचा विभाग आहे असे समजू. कोणी शेवटची तिरकी रेघ न देता केवळ '/अहवाल' असे मागितले, तर सर्व्हर मजकूर न पाठविता 'तिरकी रेघ जोडून पुन्हा मागा' असे उत्तर ब्राउझरला देतो. हे बाह्य पुनर्निर्देशन होय. ब्राउझर नवी मागणी करतो, आणि सर्व्हरच्या दृष्टीने ती पूर्णपणे स्वतंत्र असते.

आता '/अहवाल/' ही मागणी आली. हा विभाग आहे, फाइल नव्हे. म्हणून विभागाचे प्रथमपृष्ठ शोधण्यासाठी मॉड-डिर हे मॉड्यूल सर्व्हरच्या आत एक उपमागणी काढते, तिच्यामार्फत 'इंडेक्स' नावाची फाइल सापडते, आणि मूळ मागणीचा पत्ता तेथल्या तेथे बदलून त्या फाइलचा केला जातो. ब्राउझरला याची वार्ता नसते. हे सर्व जुळवाजुळवीच्या टप्प्यावर, अर्थात ओळख पटविल्यानंतर घडते.

तिसरा प्रकार अंतर्गत पुनर्निर्देशनाचा आहे. मागणीची एक प्रत नव्या पत्त्यासह तयार होते आणि ती टप्प्यांच्या रांगेत पुन्हा उभी केली जाते. त्रुटी दाखविणारे विशेष पान असेच पाठविले जाते. मॉड-रीराइट हे पत्ते बदलणारे मॉड्यूलही याचा उपयोग करते. मात्र त्याची वर्तणूक नियम कोठे लिहिले आहेत यावर अवलंबून असते. नियम सर्व्हरच्या मुख्य व्यवस्थेत असतील तर बदल रूपांतराच्या टप्प्यावर, म्हणजे तपासणीपूर्वी होतो. तेच नियम एखाद्या विभागापुरत्या फाइलमध्ये असतील तर बदल जुळवाजुळवीच्या टप्प्यावर, म्हणजे तपासणीनंतर होतो. एकच नियम केवळ जागा बदलल्याने पहारेकऱ्याच्या पुढे किंवा मागे जातो.

टपालखात्यातील पुनर्निर्देशित पाकिटाशी याची तुलना करता येईल. घर बदललेल्या माणसाच्या पाकिटावरील जुना पत्ता खोडून त्यावर नवा लिहिला जातो. पाकीट तेच असते. परंतु पाठविणाऱ्याने काय लिहिले होते आणि पाकीट कोठे पोहोचणार आहे, या प्रश्नांची उत्तरे दोन वेगळ्या ओळींत असतात.

पहारेकऱ्यापुढील साधने

हा इतिहास शोधण्याची साधने अपाची हँडलरला देते. प्रत्येक मागणीसाठी सर्व्हर एक नोंदपत्र तयार करतो, आणि त्यात पत्ता एकाच रूपात नव्हे, तर अनेक रूपांत ठेवलेला असतो. मागणीची पहिली ओळ जशीच्या तशी जपलेली असते, आणि अंतर्गत पुनर्निर्देशनानंतरही ती नव्या प्रतीत उतरते. न उलगडलेला पत्ता 'अनपार्स्ड यूआरआय' या रकान्यात असतो. सांकेतिक चिन्हे उलगडलेला मार्ग 'यूआरआय' या रकान्यात, प्रश्नचिन्हानंतरचा भाग 'आर्ग्ज' मध्ये, आणि रूपांतरातून निघालेले फाइलचे नाव 'फाइलनेम' मध्ये सापडते.

याखेरीज नोंदपत्रे एकमेकांना जोडलेली असतात. अंतर्गत पुनर्निर्देशनातून जन्मलेल्या मागणीत 'प्रीव्ह' हा दुवा आधीच्या मागणीकडे नेतो, तर आधीच्या मागणीतील 'नेक्स्ट' हा दुवा पुढच्या मागणीकडे नेतो. उपमागणीतील 'मेन' हा दुवा तिला काढणाऱ्या मुख्य मागणीकडे जातो. 'मेन' आणि 'प्रीव्ह' हे दोन्ही रिकामे असतील तर ती बाहेरून आलेली पहिली मागणी समजावी. ते रिकामे नसतील तर दुव्यामागून दुवा धरून मागे जावे, म्हणजे मूळ पत्ता हाती लागतो.

मागे जाण्याचा मार्ग याप्रमाणे खात्रीचा आहे. पुढे जाण्याचा मार्ग मात्र तपासणीच्या क्षणी अस्तित्वातच नसतो. कारण 'नेक्स्ट' हा दुवा पुनर्निर्देशन घडल्यावर भरला जातो, आणि ते अद्याप घडावयाचे असते. अंतिम पत्ता विचारणाऱ्या हँडलरला सर्व्हर उत्तर नाकारतो असे नव्हे. ते उत्तर तोपर्यंत तयारच झालेले नसते.

मग संरक्षण कसे होते? अपाची हे काम भाकिताने करीत नाही, पुनरावृत्तीने करते. उपमागणी निघाली किंवा अंतर्गत पुनर्निर्देशन झाले की, नव्या पत्त्याला लागू होणारे नियम आधीच्या नियमांहून भिन्न आहेत काय, हे पाहिले जाते. ते तेच असतील तर आधी पटलेली ओळख पुढे चालू राहते. भिन्न असतील तर तपासणी पुन्हा होते. २.४ या आवृत्तीत, तपासणी प्रत्येक नव्या पत्त्यासाठी व्हावी की केवळ नियम बदलल्यावर व्हावी, हे मॉड्यूल लिहिणाऱ्यास सांगता येते. यावरून एक व्यावहारिक बोध मिळतो. ओळख पटविणारा हँडलर एका भेटीत एकाहून अधिक वेळा बोलावला जाऊ शकतो. त्याने 'भेटींची संख्या' मोजावयास घेतली तर ती चुकेल. जो हँडलर केवळ पहिल्या मागणीकडे पाहतो आणि उरलेल्यांना डोळे मिटून जाऊ देतो, तो तर पुनरावृत्तीचा सारा लाभच घालवितो.

परतीचा पत्ता

मूळ पत्त्याची खरी गरज निराळ्या ठिकाणी भासते. पूर्वीच्या पद्धतीत ओळख न पटल्यास सर्व्हर ४०१ हा क्रमांक पाठवितो, ब्राउझर नाव व संकेतशब्द विचारतो, आणि तीच मागणी त्यांच्यासह पुन्हा करतो. पत्ता ब्राउझरजवळच असल्याने तो हरवत नाही. परंतु जेथे ओळख पटविण्यासाठी वेगळे प्रवेशपान दाखविले जाते, तेथे मागणारा आपल्या वाटेवरून बाजूला जातो. नाव व संकेतशब्द दिल्यावर त्याला पूर्वीच्याच पानावर आणावयाचे असेल, तर ते पान कोणते होते हे कोणीतरी लक्षात ठेवले पाहिजे.

प्रवेशपान अंतर्गत पुनर्निर्देशनाने दाखविले असेल, तर त्या पानाला 'प्रीव्ह' या दुव्यावरून मूळ पत्ता मिळतो, आणि तो अर्जातील अदृश्य रकान्यात ठेवता येतो. येथे तीन चुका वारंवार होतात. पहिली अशी की, केवळ मार्ग जपला जातो आणि प्रश्नचिन्हानंतरचा भाग गळतो. शोधाच्या निकालाचे विसावे पान मागणाऱ्याला मग पहिले पान मिळते. दुसरी अशी की, मागणीबरोबर आलेला अर्जातील मजकूर विसरला जातो. अर्धा तास खपून भरलेला अर्ज ओळखीची मुदत संपल्यामुळे नाहीसा होतो, तो यामुळेच. अपाचीच्या मॉड-ऑथ-फॉर्म या मॉड्यूलमध्ये हा मजकूरही सोबत नेण्याची सोय आहे.

तिसरी चूक अधिक गंभीर आहे. परतीचा पत्ता ब्राउझरच्या हाती दिला की तो कोणालाही बदलता येतो. तो न तपासता वापरल्यास, विश्वासाच्या प्रवेशपानावर संकेतशब्द देणारा मनुष्य तेथून थेट एखाद्या फसव्या स्थळावर पाठविला जाऊ शकतो. म्हणून परतीचा पत्ता आपल्याच स्थळातील असल्याची खात्री करून घेणे आवश्यक असते. पत्ता तिरक्या रेघेने सुरू होतो, एवढे पाहणे पुरेसे नाही. दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारा पत्ता ब्राउझरला दुसऱ्याच यंत्राकडे नेतो.

पत्त्याचा एक अंश सर्व्हरला कधीच कळत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. हॅश चिन्हानंतरचा भाग ब्राउझर स्वतःजवळच ठेवतो. तो मागणीत येत नाही. त्यामुळे कोणत्याही हँडलरला तो शोधून काढता येणार नाही.

दोन वाचनांतील अंतर

पत्त्याचा अर्थ एका भागाने एक आणि दुसऱ्याने दुसरा लावला, तर पहारा जागा असूनही दार उघडे राहते. अलीकडच्या काळातील दोन घटना याची साक्ष देतात.

अपाचीच्या २.४.४९ या आवृत्तीत मार्ग साफ करण्याची पद्धत बदलली होती. मार्गातील दोन सलग टिंबांचा अर्थ 'एक पायरी वर जा' असा होतो, आणि अशा मार्गांना अटकाव असतो. परंतु दुसरे टिंब सांकेतिक रूपात लिहिले असता नव्या पद्धतीला ते ओळखता येत नव्हते. पुढे ते उलगडले जाई आणि मागणी ठरवून दिलेल्या विभागाच्या बाहेर पोहोचे. ज्या सर्व्हरांवर बाहेरील फाइलींना स्पष्ट मनाई केलेली नव्हती, तेथे त्या फाइली वाचता येऊ लागल्या. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी २.४.५० ही दुरुस्त आवृत्ती निघाली. तथापि तीत दुहेरी सांकेतिक लेखनाची वाट राहून गेली होती. म्हणून तीन दिवसांतच २.४.५१ प्रसिद्ध करावी लागली.

दुसरी घटना ओळख पटविण्याशी थेट निगडित आहे. तैवानमधील सुरक्षा-संशोधक ऑरेंज त्साई यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील ब्लॅक हॅट परिषदेत असे दाखविले की, नोंदपत्रातील 'फाइलनेम' या रकान्याला काही मॉड्यूल फाइलचा मार्ग समजतात, तर काही त्याला यूआरएल समजतात. 'ॲडमिन.पीएचपी' या फाइलीवर संकेतशब्दाचा पहारा आहे असे मानू. मागणाऱ्याने त्या नावापुढे सांकेतिक रूपातील प्रश्नचिन्ह आणि आणखी काही अक्षरे जोडली. पहाऱ्याच्या दृष्टीने हे निराळ्याच फाइलीचे नाव ठरले. म्हणून त्याने काही विचारले नाही. मागणी पुढे नेणाऱ्या मॉड्यूलने मात्र तेच नाव यूआरएल म्हणून वाचले, उलगडलेल्या प्रश्नचिन्हापाशी ते तोडले, आणि 'ॲडमिन.पीएचपी' चालविण्यास दिली. पहारा आणि भांडार यांनी एकाच चिठ्ठीवरचे दोन वेगळे शब्द वाचले. जुलै २०२४ मधील २.४.६० या आवृत्तीत या दोषांवर उपाय करण्यात आले.

या घटनांच्या प्रकाशात अपाचीच्या अधिकृत मार्गदर्शनातील एका जुन्या सूचनेचे महत्त्व पटते. फाइलींचे संरक्षण करावयाचे असल्यास नियम पत्त्याला जोडू नये, तर फाइलीला किंवा तिच्या विभागाला जोडावा, असे ती सूचना सांगते. कारण एकाच फाइलीकडे अनेक पत्ते जाऊ शकतात. एका पत्त्यावर कुलूप लावले तरी दुसरा पत्ता मोकळा राहतो. २०२४ च्या घटनेने यात एवढीच भर घातली की, एकट्या फाइलीच्या नावावरही विसंबू नये. संपूर्ण विभाग प्रथम बंद ठेवावा आणि जे खुले करावयाचे तेवढेच नाव घेऊन खुले करावे.

नोंदवहीतील साक्ष

अंतिम पत्ता खात्रीने कळण्याचे ठिकाण म्हणजे शेवटचा, नोंदीचा टप्पा होय. तोपर्यंत सर्व पुनर्निर्देशने होऊन गेलेली असतात आणि दुव्यांची साखळी दोन्ही दिशांनी चालता येते. अपाचीच्या नोंदवहीत यासाठी दोन लहान चिन्हे आहेत. डावीकडे तोंड असलेला कोन पहिल्या मागणीचा तपशील मागतो, आणि उजवीकडे तोंड असलेला अंतिम मागणीचा. चिन्ह न दिल्यास पत्ता पहिल्या मागणीचा लिहिला जातो, तर वापरणाऱ्याचे नाव अंतिम मागणीतून घेतले जाते.

ही बाब क्षुल्लक नाही. एखादा मनुष्य ओळख पटवून आत आला आणि त्याची मागणी आतल्या आत एखाद्या खुल्या पानाकडे वळविली गेली, तर अंतिम मागणीत त्याचे नाव नसते. नोंदवहीत पत्ता संरक्षित पानाचा दिसतो आणि नावाची जागा कोरी दिसते. पुढे चौकशी करणाऱ्याला कोणी अनोळखी मनुष्य आत शिरला असे वाटू शकते. नावासाठी डावीकडचा कोन वापरला असता हा गैरसमज टळतो.

सारांश, 'अंतिम पत्ता कोणता' हा एक प्रश्न नसून त्यात तीन प्रश्न एकत्र आले आहेत. मागणाऱ्याने काय लिहिले हे जाणणे त्याला परत योग्य जागी आणण्यासाठी उपयुक्त असते, आणि ते दुव्यांवरून मागे जाऊन कळते. त्याला काय दिले जाणार आहे हे जाणणे अधिकार तपासण्यासाठी आवश्यक असते, आणि त्यासाठी प्रत्येक वळणावर नव्याने तपासणी करणे हाच उपाय आहे. प्रत्यक्षात काय दिले गेले हे जाणणे चौकशीसाठी लागते, आणि ते नोंदवहीतूनच कळते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यासाठी वापरले, म्हणजे मागणाऱ्याने जे लिहिले त्याच्याच आधारे त्याला आत सोडले, की पहारा नावापुरता उरतो. संरक्षण ज्या वस्तूचे करावयाचे तिच्याशीच नियम बांधलेला असावा. तिच्याकडे जाणाऱ्या वाटा किती आहेत, हे मोजण्याची पाळी मग पहारेकऱ्यावर येत नाही.